आर्म लॅपटॉपचा माल नाशिकमध्ये किती भरावा?

इंदिरानगरला नुकतंच दुकान टाकलेल्या एका विक्रेत्याचा प्रश्न आहे: ‘डिस्ट्रिब्युटर स्नॅपड्रॅगनचे, म्हणजे मोबाइलमधल्यासारख्या आर्म प्रोसेसरवर चालणारे विंडोज लॅपटॉप ॲडमिशनच्या सीझनसाठी भरा म्हणून मागे लागलाय. दहा पीसवर मार्जिन बरं देतोय. बॅटरी दिवसभर पुरते, वजन कमी, वर एआयचं स्टिकर. नाशिकमध्ये हा माल चालेल का? दोन-चार वर्षांत इंटेलची जागा घेईल, की त्या छोट्या, स्वस्त नेटबुकसारखी गत होईल?’

दहा घेऊ नका. दोन घ्या, एक काउंटरवर चालू ठेवा, एक सीलबंद. माल वाईट आहे म्हणून हे सांगत नाही. मशीन चांगलंच आहे, तुम्ही स्वतः आठवडाभर वापरलंत तर परत द्यावंसं वाटणार नाही. पण आपल्याकडे लॅपटॉप एकटा नांदत नाही. त्याला डिजिटल सहीचं टोकन लागतं, प्रिंटर लागतो, अंगठ्याचं मशीन लागतं, डीटीपीवाल्याचं लॉक (सॉफ्टवेअरच्या परवान्याची यूएसबी किल्ली) लागतं, अंबडच्या कारखान्यात पीएलसीची (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरची) केबल लागते. आर्म लॅपटॉप नाशिकमध्ये किती खपेल ते या जोडण्यांवर ठरणार आहे. प्रोसेसरचा वेग आणि बॅटरीचे तास त्यानंतर येतात.

आधीचा इतिहास थोडक्यात, कारण जुनं गिऱ्हाईक तो काढतंच. आर्मवर विंडोज आणायचा हा तिसरा मोठा प्रयत्न. २०१२ मध्ये सरफेस आरटी आला. त्यावर जुनं विंडोज सॉफ्टवेअर चालतच नव्हतं. पुढच्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टला त्यापोटी ९० कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवावा लागला. २०१७ च्या अखेरीस स्नॅपड्रॅगन ८३५ वर विंडोज १० आलं. या वेळी जुनी सॉफ्टवेअर चालायची, पण फक्त ३२ बिटची, आणि तीही रडतखडत. ६४ बिटच्या प्रोग्रॅमची सोय २०२१ मध्ये विंडोज ११ सोबत झाली. दरम्यान नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने एम१ काढला आणि आर्मचा लॅपटॉप किती वेगवान असू शकतो ते सगळ्यांना दिसलं. स्नॅपड्रॅगन बनवणाऱ्या क्वालकॉमने २०२१ मध्ये नुव्हिया ही ॲपलच्या माजी चिप अभियंत्यांची कंपनी विकत घेतली. त्यातून निघालेल्या स्नॅपड्रॅगन एक्सचे लॅपटॉप १८ जून २०२४ ला बाजारात आले. तुम्हाला देऊ करतायत तो माल बहुतेक २०२५ च्या सुरुवातीला जाहीर झालेल्या स्वस्तातल्या आठ कोअरच्या चिपचा असेल.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. जून २०२४ मध्ये आर्म कंपनीचे प्रमुख रेने हास म्हणाले की पाच वर्षांत विंडोजच्या बाजारातला निम्म्याहून जास्त वाटा आर्मकडे असेल. त्याच वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत, कॅनालिस या बाजाराचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या अंदाजानुसार, जगभरात स्नॅपड्रॅगन एक्सचे साधारण ७ लाख २० हजार पीसी गेले. एकूण पीसींच्या एक टक्काही नाही. कंपनीच्या प्रमुखांनी तसं बोलावंच, त्यांचा तो धंदा आहे. आपला पैसा मालात अडकतो, त्यामुळे आपण दुसरा आकडा धरून चालायचं.

हे लॅपटॉप जुनं सॉफ्टवेअर चालवतात कसं, ते नीट समजून घ्या, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. इंटेल-एएमडीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम आर्मला कळत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ‘प्रिझम’ नावाची सोय मध्ये दुभाष्यासारखी बसते आणि त्या प्रोग्रॅमच्या सूचना आर्मच्या बोलीत करून देते. साध्या प्रोग्रॅमचं त्यावर भागतं. थोडा वेग जातो, बस. पण या दुभाष्याला विंडोजच्या गाभ्यात प्रवेश नाही. आणि प्रिंटर, लॉक, अंगठ्याचं मशीन, केबल यांच्या ड्रायव्हरचं काम बऱ्याचदा तिथेच चालतं. असा ड्रायव्हर खास आर्म६४ साठी लिहिलेला असावा लागतो. कंपनीने लिहिला असेल तर वस्तू चालेल, नसेल तर नाही. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून, कंपॅटिबिलिटी मोड लावून, इंटरनेटवरून कुठला तरी ड्रायव्हर उतरवून काही होत नाही. गिऱ्हाईक मात्र ‘यांच्या पोराला काही येत नाही’ म्हणत बाहेर पडतं आणि चार जणांना सांगतं.

शरणपूर रोड, कॅनडा कॉर्नर, कोर्टाच्या आसपासचा भाग घ्या. सीए, कर सल्लागार, कंपनी सेक्रेटरी. यांच्या ड्रॉवरमध्ये क्लायंटांच्या टोकनांची जुडी असते. जीएसटीला प्रोप्रायटरचं ओटीपीवर भागतं, पण कंपनी आणि एलएलपीला डीएससी, म्हणजे डिजिटल सही लावावीच लागते. एमसीएचे (कंपनी मंत्रालयाचे) फॉर्म, महाटेंडर्सवरच्या निविदा, तिथेही टोकन. लॅपटॉपला लावल्यावर विंडोज त्याला स्मार्टकार्ड म्हणून ओळखेलही. पण आतलं सर्टिफिकेट वाचायला टोकन कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, आणि आर्मसाठी बनलेल्या ब्राउझरमध्ये इंटेलसाठी बनलेली त्याची डीएलएल फाइल चढत नाही. काही पोर्टलचं सही करणारं युटिलिटी ब्राउझरच्या बाहेर स्वतंत्र चालतं, तिथे जमून जाऊ शकतं. पण ‘जमून जाऊ शकतं’ या भरवशावर सीएच्या ऑफिसात मशीन द्यायचं नसतं. जीएसटीचं ३बी रिटर्न भरायची वीस तारीख, रात्रीचे दहा, टोकन दिसत नाही: हा फोन तुम्हाला येणार, डिस्ट्रिब्युटरला नाही. टॅलीचं म्हणाल तर तो साधा विंडोज प्रोग्रॅम, प्रिझमला तिथे मुळात हरकत नसावी. पण आपलं कुठलं गिऱ्हाईक नुसतं टॅली चालवतं? सोबत कोणी तरी लिहून दिलेल्या टीडीएल (टॅलीचे जोड-प्रोग्रॅम) असतात, एक्सेलमधून डेटा चढवणारं काही तरी असतं, आणि बिल छापायला डॉट मॅट्रिक्स.

प्रिंटरवर तर सौदे मोडतात. कुठल्याही जुन्या ऑफिसात शिरा, कोपऱ्यात कॅननचा एलबीपी २९०० नाही तर एचपीचा लेझरजेट १०२० दिसेल. टोनर स्वस्तात भरून मिळतो, पार्ट मिळतात, मालक त्याला शेवटच्या श्वासापर्यंत सोडत नाही. हे दोन्ही प्रिंटर पान स्वतः तयार करत नाहीत. संगणकातला ड्रायव्हर पान तयार करून देतो आणि ते फक्त छापतात. ड्रायव्हर नाही तर प्रिंटर म्हणजे नुसता डबा. इतक्या जुन्या मॉडेलसाठी कंपनी आर्मचा ड्रायव्हर नव्याने लिहीत बसेल अशी आशा धरू नका. नवे, मोप्रिया प्रमाणपत्राचे वायफाय प्रिंटर विंडोजच्या आतल्याच आयपीपी ड्रायव्हरवर चालतात, तिथे आर्मला अडचण नाही. म्हणजे साठ-सत्तर हजारांच्या लॅपटॉपसोबत ‘साहेब, प्रिंटरही बदलावा लागेल’ असं सांगायचं. सांगून बघा, पुढचं वाक्य ‘बघतो, सांगतो’ हेच येतं.

निफाड, सिन्नर, येवल्याकडून सेवा केंद्रवाले आले, बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवणारे आले, तर त्यांना हा लॅपटॉप दाखवूच नका. अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर आणि आधारची आरडी सर्व्हिस (अंगठा आधारकडे सुरक्षित पाठवणारं सॉफ्टवेअर) हे दोन्ही चालल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही.

मराठी टायपिंगचा मुद्दा बाहेरच्या रिव्ह्यूत सापडणार नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. पत्रिका, संस्थांचे अहवाल, कोर्टाचे कागद टाइप करणाऱ्यांचा हात वर्षानुवर्षं आयएसएम किंवा श्रीलिपीवर बसलेला असतो. अशी पॅकेजेस कीबोर्ड आणि चालू प्रोग्रॅम यांच्या मध्ये शिरून काम करतात. इनपुटची पद्धत बदलणारी सॉफ्टवेअर आर्मसाठी वेगळी बनवलेली नसतील तर अडचण येऊ शकते, हे मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं. त्यात पॅकेज यूएसबी लॉकवर चालणारं असेल तर लॉकचा ड्रायव्हर आणखी वेगळा. टाइप करायला बसलं आणि वर्डमध्ये अक्षरच उमटेना, अशी वेळ आली तर त्या माणसाचं त्या दिवसाचं काम बुडालं. उलट जो युनिकोडवर आलाय त्याला काहीच जाणवणार नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्येच आहे आणि २०१९ पासून मराठी फोनेटिकही विंडोजमध्येच मिळतं. तेव्हा शिक्षक, पत्रकार, लिहिणारी मंडळी यांना बिनधास्त दाखवा. छापखान्याला मजकूर जोडून देणाऱ्याला नको. या दोघांतला फरक ओळखायला एकच प्रश्न पुरतो: ‘टाइप कशात करता?’

सातपूर आणि अंबडमधलं गिऱ्हाईक सगळ्यात आधी नाही म्हणेल, आणि त्याचं बरोबर आहे. मेंटेनन्सचा माणूस लॅपटॉप घेऊन पीएलसीसमोर उभा राहतो, बॅगेत सिरीयलची केबल असते. एफटीडीआय चिपची केबल असेल तर तिचा आर्म ड्रायव्हर मिळतो, म्हणजे केबल दिसेल. पण पुढे पीएलसीचं सॉफ्टवेअर, त्याचं लायसन्स, त्याचे स्वतःचे ड्रायव्हर आहेतच. जुन्या मशीनचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चढत नाही म्हणून विंडोज ७ चा लॅपटॉप देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा जपणारे कारखाने मी बघतो. ते आर्म घेऊन काय करणार? डिझाइनचंही तेच. सॉलिडवर्क्ससारखी सॉफ्टवेअर अधिकृतपणे इंटेल-एएमडीचंच मशीन मागतात.

आणि तुमच्या सीझनचं गणित इथेच फसतं. ॲडमिशनला येणारं मोठं गिऱ्हाईक इंजिनिअरिंगचं. मेकॅनिकल किंवा सिव्हिलला लागलेल्या पोराला हा लॅपटॉप विकू नका, वडील बॅटरीवर कितीही खूश होवोत. कॉम्प्युटर शाखेचं वेगळं: व्हीएस कोड, पायथन, गिट हे सगळं आर्मवर थेट, प्रिझमशिवाय चालतं. पण कॉलेजच्या लॅबमध्ये कुठली सॉफ्टवेअर वापरतात ती यादी आणायला सांगा. आणि गेम खेळतोस का ते विचारा. व्हॅलोरंट या गेमची चीटिंग पकडणारी यंत्रणा विंडोजच्या गाभ्यात बसते, ती इथे चालत नाही. आईवडिलांसमोर पोरगं ‘नाही, गेम कुठला’ म्हणेल. ते कार्ड स्वाइप करायला वळले की हळूच विचारा.

मग घेणार कोण? ज्याचं काम ब्राउझर, ईमेल, वर्ड-एक्सेल आणि व्हिडिओ कॉलमध्ये संपतं तो. असे लोक आपल्याकडे भरपूर आहेत. द्राक्ष निर्यातदाराचा फील्डवरचा माणूस घ्या. दिंडोरी, पिंपळगाव, निफाडच्या बागांतून फिरतो, अपेडाच्या ग्रेपनेटवर बागेची नोंद बघतो, प्रयोगशाळेचा रेसिड्यू रिपोर्ट उघडतो, पॅकहाउसचा हिशेब एक्सेलमध्ये पाठवतो. बरंचसं काम वेबवर. लाइट कधी जाईल सांगता येत नाही, गाडीत बसून लॅपटॉप मांडीवर घ्यायचा. त्याला दिवसभराची बॅटरी ही चैन नाही. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राचे संयोजक, ऑनलाइन शिकवण्या घेणारे, विमा आणि म्युच्युअल फंडवाले, मुलं परदेशात असलेली गंगापूर रोडवरची निवृत्त मंडळी, ही सगळी याच वर्गातली. पुण्याच्या आयटी कंपनीचं काम नाशिकच्या घरातून करणारेही आहेत, पण त्यांना मशीन बहुतेक कंपनीच देते. स्वतःचं घेणारा असेल तर कंपनीचा व्हीपीएन आर्मवर चालतो का ते आधी त्यांच्या आयटीला विचारून येऊ दे.

या लोकांपुढे बेंचमार्कचे आकडे वाचू नका. चार्जर काढा आणि काम चालू ठेवा. बरेच इंटेलचे लॅपटॉप चार्जर काढला की मंदावतात, हा जवळपास तसाच चालतो. सकाळी झाकण मिटवा, संध्याकाळी त्यांच्यासमोर उघडा; बॅटरी जेमतेम उतरलेली दिसते. काउंटरवरचा पीस त्यासाठीच ठेवायला सांगितला.

एआयच्या स्टिकरवर फार वेळ घालवू नका. मायक्रोसॉफ्टच्या ‘कोपायलट प्लस’ नावाला ४० टॉप्सचा (हे वेगाचं माप) एनपीयू, म्हणजे एआयसाठीचा वेगळा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण लागते. स्नॅपड्रॅगन एक्सचा एनपीयू ४५ चा आहे. त्यातलं ‘रिकॉल’ (पडद्यावर आधी काय पाहिलं ते शोधून देणारं) हे आकर्षण सुरक्षेवरून टीका झाल्यावर जून २०२४ मध्ये लांबणीवर टाकलं आणि एप्रिल २०२५ मध्ये दिलं. ते मागत दुकानात आलेला माणूस मला अजून भेटायचाय. लोकांसाठी एआय म्हणजे चॅटजीपीटी, आणि ते कुठल्याही लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये चालतं. स्टिकरचा खरा फायदा एवढाच की कंपनीला ८ जीबी रॅम गळ्यात मारता येत नाही.

आता स्पर्धा. इंटेल गप्प बसला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २००व्ही, म्हणजे लूनर लेकने बॅटरीतलं अंतर बरंच भरून काढलं, आणि ड्रायव्हरची कटकट शून्य. तो महाग आहे, एवढीच आर्मची सुटका. साठ-सत्तर हजारांच्या पट्ट्यात दिवसभराची बॅटरी हवी असेल तर स्नॅपड्रॅगनला आज विंडोजमध्ये फारसा तोडीस तोड नाही. विकताना हीच जागा पकडा, लाखाच्या वरचे आर्म मॉडेल तर दुकानात आणूच नका.

पण त्याच पट्ट्यात मॅकबुक एअर एम१ही उतरला होता. दिवाळीच्या ऑनलाइन सेलमध्ये तो साठ हजारांच्या खाली आलेला आपण पाहिलाय. तोही आर्मच. कॉलेज रोडवरच्या कॅफेत बसलेल्या पोरांना प्रोसेसरचं घराणं ठाऊक नाही, पण आर्म लॅपटॉप त्यांनी कधीच स्वीकारलाय. ॲपलला हे जमलं कारण चिप, मशीन आणि सिस्टीम एकाच हातात आहे, आणि २०२३ पर्यंत त्यांनी इंटेलचे मॅक विकणंच थांबवलं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपुढे दुसरी वाट ठेवली नाही. विंडोजच्या दुनियेत इंटेल-एएमडी आहेत तिथेच आहेत. मग टोकन बनवणाऱ्या किंवा अंगठ्याचं मशीन बनवणाऱ्या कंपनीने मूठभर लोकांसाठी वेगळा ड्रायव्हर कशाला लिहावा? लोक घेत नाहीत म्हणून ड्रायव्हर येत नाही, ड्रायव्हर नाही म्हणून लोक घेत नाहीत. जगात आर्म विंडोज हळू सरकतोय त्याचं मोठं कारण हे, आणि नाशिकमध्ये ते जास्त बोचतं कारण आपल्याकडचा धंदा अजून जोडलेल्या वस्तूंवर चालतो.

नाशिकमधला खरा प्रतिस्पर्धी मात्र तिसराच: रिफर्बिश्ड. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांनी सोडलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलीटबुक वीस-पंचवीस हजारांच्या आसपास मिळतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची साथ संपली, तेव्हा ऑफिसांनी मशीनं बदलायला काढली. माझ्या एएमसीतली (वार्षिक देखभाल करारातली) बरीच ऑफिसं नव्या लॅपटॉपकडे वळलीच नाहीत. आठव्या पिढीच्या किंवा पुढच्या इंटेलचं जुनं मशीन घेतलं, विंडोज ११ अधिकृतपणे चढलं, टोकन-प्रिंटर-टॅली जसंच्या तसं चालू. त्यात २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, म्हणजे १६ जीबीची सक्ती असलेला नवा माल स्वस्त व्हायची शक्यता आणखी कमी.

कराचंही बघा. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी. धंदेवाल्याला त्याचं क्रेडिट मिळतं, शिवाय आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा. म्हणजे नवा, महाग लॅपटॉप घ्यायला ज्याला परवडतं तो धंदेवाला. आणि नेमके टोकन, प्रिंटर, लॉक त्याच्याच टेबलावर. घरगुती गिऱ्हाईकाला आर्म छान चालतो, पण १८ टक्के त्याच्या खिशातून जातात. इथेच घोडं पेंड खातं.

दुरुस्तीचा विचार विक्रीआधी करा. या मशीनांत रॅम बोर्डावरच असते, नंतर वाढवता येत नाही. एसएसडी बहुतेक मॉडेलमध्ये बदलता येते. आपल्या शहरातले चिप-लेव्हलचे कारागीर हुशार आहेत, पण ते स्किमॅटिक (बोर्डाचे नकाशे) आणि बायोसच्या फाइलींवर काम करतात. इंटेलच्या बोर्डांच्या त्या सगळीकडे फिरतात, या बोर्डांच्या सहजी मिळत नाहीत. वॉरंटी संपल्यावर बोर्ड गेला तर बोर्ड बदला एवढाच इलाज, आणि त्याची किंमत ऐकून गिऱ्हाईक तुमच्याकडे बघतच राहील. म्हणून तीन वर्षांची वॉरंटी बिलातच घाला. तुमच्या टेबलावरचे जुने बूट पेनड्राइव्हही यावर उठत नाहीत; आर्म६४ चे वेगळे बनवावे लागतात. विंडोजची आर्म आयएसओ मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२४ पासून उघड डाउनलोडला ठेवलीय, तेवढी सोय झाली. ड्राइव्ह सहसा सुरुवातीपासूनच एन्क्रिप्ट केलेली असते, तेव्हा विकतानाच रिकव्हरी की गिऱ्हाईकाच्या खात्यात गेलीय का ते बघा, नाहीतर डेटा परत काढणं विसरा.

भाड्याने लॅपटॉप देण्याचा विचार असेल, आणि सिंहस्थाच्या निमित्ताने तो बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे (ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, मोठी स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात), तर आर्म त्यात मिसळू नका. एक इमेज (विंडोज आणि सॉफ्टवेअरची तयार प्रत) बनवून पन्नास मशीनांवर टाकायची हा भाड्याच्या कामाचा प्राण. इंटेलची इमेज आर्मवर चालत नाही. शिवाय तात्पुरत्या ऑफिसात कोण कुठला प्रिंटर आणून लावेल याचा नेम नाही.

नेटबुकसारखी गत होईल का? मला तसं वाटत नाही. २००७ मध्ये आसुसचा ईई पीसी आला तेव्हा सात इंची पडदा आणि तोकडी ताकद होती. लोकांनी लॅपटॉप समजून घेतला आणि वैतागले. २०१० मध्ये आयपॅड आला, पूर्ण आकाराचे लॅपटॉपही स्वस्त झाले, आणि नेटबुक मधल्या मध्ये चिरडला. २०२३ च्या जुलैमधला जिओबुक आठवा: १६,४९९ रुपये, वजन ९९० ग्रॅम, तोही आर्मच, पण त्यावर विंडोज नव्हतं. गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न ‘यात टॅली चालेल का?’ आणि तिथेच विषय संपायचा. स्नॅपड्रॅगनचं दुखणं वेगळं. मशीन दमदार आहे, आजूबाजूचं सामान मागे आहे. आणि ते सामान हळूहळू का होईना, एकाच दिशेने सरकतंय. प्रिंटर ड्रायव्हरशिवाय चालायला लागलेत. बाहेरच्या कंपन्यांचे नवे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटवर घेणं टप्प्याटप्प्याने बंद करणार असं मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच जाहीर केलं. आधार ओटीपीवरची ई-सही बऱ्याच ठिकाणी टोकनाचं काम करते. मराठी मजकूर युनिकोडवर येतोय. यातली प्रत्येक गोष्ट एकेक गिऱ्हाईक मोकळं करते. माझा अंदाज विचाराल तर तीन-चार वर्षांनी आपल्या काउंटरवर दहातला एखाद-दुसरा विंडोज लॅपटॉप आर्मचा असेल. निम्मे म्हणाल, तर निदान नाशिकमध्ये मला ते दिसत नाही.

डिस्ट्रिब्युटरशी बोलताना दोन अटी ईमेलवर लेखी घ्या. एक, ठरलेल्या मुदतीत पीस विकला नाही तर त्याच किमतीच्या इंटेल मॉडेलशी बदलून द्यायचा. दोन, भाव पडला तर फरक द्यायचा. ही दुसरी अट सोडू नका: क्वालकॉमने पुढची पिढी, स्नॅपड्रॅगन एक्स२, सप्टेंबर २०२५ मध्येच जाहीर केलीय. तिचे लॅपटॉप दुकानांत पसरले की आधीच्या पिढीचा माल स्वस्तात काढायची घाई होणार. दहा पीसवरचं मार्जिन आज एवढं गोड का आहे, ते यातून कळेल.

आणि काउंटरवर एक साधी वही ठेवा. लॅपटॉप बघायला आलेल्या प्रत्येकाला विचारा: याला काय काय जोडता, टाइप कशात करता, सही कशाने करता. इंटेल घेतला तरी लिहा, न घेता गेला तरी लिहा. दिवाळीच्या आधी ती वही उघडून बसा. ज्यांनी ‘काही जोडत नाही, वायफाय प्रिंटर आहे’ असं सांगितलं ते किती, आणि त्यातले साठ हजारांच्या वर जाणारे किती, तेवढे मोजा. तेवढेच पीस मागवा.